जुन्या गाडीत येणारा धुराचा वास: माझा अनुभव

वास कच्च्या पेट्रोलचा की जळक्या धुराचा, हे आधी ठरवा. टाकी फुल केल्यावर वाढणारा वास बहुधा पेट्रोलचा. फिलर नेकचा (टाकीत पेट्रोल भरायच्या नळीचा) रबरी पाइप वाकवून पाहा, तडे दिसले तर बदलाच. माझ्या गाडीत धूर होता, काच उघडली की जास्तच. धावत्या गाडीमागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर डिकीच्या फटींतून आत ओढला जातो. डिकीच्या कडेला कागदाची पट्टी ठेवून झाकण लावा आणि ओढा. सहज निसटली तिथलं रबर दबलंय. खालच्या दोन्ही कोपऱ्यांत तेच निघालं. नवं रबर बसवलं, टेललाइटच्या वायरींची भोकं ग्रोमेटने (भोकात बसणाऱ्या रबरी कड्याने) बुजवली, वास गेला. धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूला स्वतःचा वास नसतो, म्हणून दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालवू नका.