पहिलं सॅम्पल यायच्या आधी

कलेक्शन साडेसातला सुरू होत असेल तर लॅबमध्ये सातला पोचा. एकदा रांग लागली की यातलं एकही काम होत नाही.

आधी हायपो, म्हणजे जंतू मारायला वापरतो ते सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण. कालचं उरलेलं ओतून द्या, त्यातला जोर गेलेला असतो. कॅनवरचा टक्का वाचूनच नवं बनवा: 5 टक्क्यांचं असेल तर 1 भाग हायपो, 4 भाग पाणी, म्हणजे 1 टक्क्याचं झालं. अंदाजे ओतणारे बरेच पाहिलेत, तसं करू नका. ॲसिडची बाटली मात्र जवळ नको. दोन्ही मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो.

मग सुयांचा पांढरा डबा. तो तुमच्या हाताशी हवा, बसल्या जागेवरून पोचेल असा, आणि पाऊण भरला की बदलायचा. मला सुई टोचली ती रक्त काढताना नाही. पेशंट बाही खाली करत उठला होता, डबा पलीकडच्या टेबलावर, म्हणून मी सुईला टोपण परत लावायला गेले. ग्लोव्हमधून तर्जनीवर लाल ठिपका आला, बस्स. पण पुढचा अर्धा तास फोन कुणाला करायचा हेच शोधण्यात गेला. म्हणून तो नंबर भिंतीवर चिकटवा. खाली मोठ्या अक्षरात लिहा: बोट पिळू नका, तोंडात घालू नका, साबण-पाण्याने धुवा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं लागली तर शक्यतो 2 तासांत सुरू करायची, 72 तासांच्या आतच, आणि 28 दिवस घ्यायची.

हिपॅटायटिस बीची लस तिन्ही डोस झालेली हवी, आणि महिना-दोन महिन्यांनी टायटर (रक्तातल्या अँटीबॉडीचं प्रमाण, mIU/mL मध्ये) 10 च्या वर आहे का ते बघितलेलं हवं. हा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान 7 दिवस तग धरतो. म्हणजे ग्लोव्हज घालून माउस धरायचा नाही, पेन नाही, मोबाइल तर नाहीच.

सेंट्रिफ्यूजमध्ये (ट्यूबा जोरात फिरवून रक्ताचे घटक वेगळे करणारं यंत्र) लावायच्या ट्यूबा उजेडात धरून तडा बघा, समोरासमोर सारख्या वजनाच्या लावा. आत काच फुटल्याचा आवाज आला तर बंद करा आणि अर्धा तास झाकण उघडू नका. उडालेले बारीक थेंब खाली बसू द्या.

आणि रिएजंटच्या (तपासणीच्या रसायनांच्या) फ्रिजमध्ये कुणाचा जेवणाचा डबा दिसला तर तो बाहेर काढा. चहावाल्यालाही दारातच थांबवा.