१७० मिमी ट्रॅव्हलची सायकल बांधताना ग्रॅम कुठे वाचवायचे

पुढे १७०, मागे १६० मिमी ट्रॅव्हल (सस्पेन्शनवर चाक वर सरकण्याचं अंतर), २९ इंची चाकं आणि पेडलसकट १५ ते १५.५ किलो. अ‍ॅल्युमिनियम फ्रेमच्या एन्ड्युरो, म्हणजे खडबडीत डोंगरउतारासाठीच्या सायकलला एवढं वजन रास्त आहे. हट्टाने १४ च्या खाली नेलेल्या सायकलींत बहुतेक वेळा टायर किंवा रिमवर काटकसर झालेली असते.

आधी फ्रेमचं मॅन्युअल काढा. फोर्कचा (पुढचं चाक धरणाऱ्या सस्पेन्शनचा) कमाल ट्रॅव्हल आणि स्वार, सायकल, सामान मिळून वजनाची मर्यादा, हे दोन आकडे त्यात शोधा. फ्रेम १५० च्या फोर्कसाठी असताना १७० चा लावला, तर हेड अँगल (फोर्कचा जमिनीशी कोन) साधारण एक अंशाने कमी होतो, बॉटम ब्रॅकेट (पेडलचा आस) वर येतो आणि हेड ट्यूबवर (फोर्क बसतो त्या फ्रेमच्या नळीवर) तरफेसारखा जोर वाढतो. तडा मग तिथल्याच जोडाजवळ जातो आणि वॉरंटीही हातची जाते.

मग डिजिटल वजनकाटा घ्या, किचनमधला चालेल. कॅटलॉगमधल्या वजनावर विसंबू नका, एकाच मॉडेलच्या दोन टायरांत ५० ग्रॅमचा फरक सर्रास निघतो. प्रत्येक भाग तोलून वहीत उतरवा.

सगळ्यात जास्त डोकं मागच्या टायरवर चालवा. मॅक्सिस या टायर कंपनीच्या भाषेत एक्सो, एक्सो प्लस, डबलडाउन आणि डीएच असे चढत्या जाडीचे केसिंग (टायरचं कापडी अंग) मिळतात. एक्सो प्लसवरून डबलडाउनवर गेलात की साधारण १५० ग्रॅम वाढतात. पातळ केसिंगचा खरा तोटा पंक्चरच्या आधीच सुरू होतो: टायर रिमवर आपटू नये म्हणून हवा वाढवावी लागते, हवा वाढली की पकड जाते आणि चाक दगडांवरून उड्या मारायला लागतं. ८० किलोच्या स्वाराला मागे डबलडाउन असेल तर २६ पीएसआय हवेच्या दाबापासून सुरुवात करता येते. पुढे एक्सो प्लस आणि २३ पीएसआय पुरे. सह्याद्रीतल्या काळ्या दगडाच्या धारेवर साइडवॉल (टायरची बाजू) कापली जाते, तिथे मागे पातळ टायर लावूच नका. ट्यूबलेस करा, प्रत्येक चाकात १०० ते १२० मिली सीलंट (भोक बुजवणारा द्रव) घाला. दोन्ही ट्यूब निघाल्या की सीलंट, टेप, व्हॉल्व्ह धरूनही वजन थोडं उतरतंच.

टायरवर घातलेल्या दीडशे ग्रॅमपैकी बहुतेक कॅसेटमधून (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांतून) परत मिळतात. शिमानोची डिओरे १२ स्पीड कॅसेट ५९० ग्रॅमच्या आसपास आहे, वरच्या श्रेणीची एक्सटी ४७० च्या. दोन्ही मायक्रो स्प्लाइन या हबवरच्या खाचांच्या एकाच पद्धतीवर बसतात, त्यामुळे हब बदलायला लागत नाही. स्रॅमच्या एनएक्सवरून जीएक्सवर गेलात तर त्याहून जास्त वाचतं, पण जीएक्स कॅसेटला एक्सडी ड्रायव्हर (हबचा कॅसेट बसणारा भाग) लागतो. तो आपल्या हबला मिळतो का, हे आधी विचारा, नाहीतर कॅसेट कपाटात पडून राहील. हलक्या कॅसेटचे दात लवकर झिजतात खरे, पण झीज दिसते आणि वेळ देते.

हँडलबार तशी वेळ देत नाही. पडून वाकलेला अ‍ॅल्युमिनियम बार सरळ करून वापरू नका, भंगारात टाका. कार्बन बार घेतलात तर स्टेमवर (बार धरणाऱ्या भागावर) लिहिलेलाच टॉर्क (बोल्ट आवळण्याचा जोर) द्या, बहुधा ५ न्यूटन-मीटर, तोही टॉर्क रेंचनेच आणि कार्बन पेस्ट (बार घसरू न देणारा लेप) लावून. ब्रेक लिव्हरचा क्लॅम्प इतकाच आवळा की पडल्यावर लिव्हर बारभोवती फिरेल. गच्च आवळलेला क्लॅम्प बारवर ओरखडा पाडतो आणि कार्बन पुढे तिथूनच तुटतो.

चाकांना ३२ स्पोक, २.०-१.८-२.० मिमीचे बटेड, म्हणजे टोकांना जाड आणि मध्ये पातळ. मधला पातळ भाग ताणला जातो, म्हणून हबजवळच्या वाकलेल्या टोकावर ताण कमी येतो आणि हलका स्पोक जाडापेक्षा जास्त टिकतो. निपल (स्पोक रिमला धरणारे नट) पितळी घ्या. अ‍ॅल्युमिनियमच्या निपलांनी दोन्ही चाकांत मिळून जेमतेम चाळीसेक ग्रॅम वाचतात आणि पावसाळ्यानंतर ते खाल्ले जाऊन स्पोक-रेंचखाली गोल होतात. मागे ड्राइव्ह (चेनच्या) बाजूला ११० ते १२० किलोचा ताण ठेवा, रिमची मर्यादा त्याहून कमी असेल तर तेवढाच.

फोर्कचं गणित सोपं आहे: १७० ट्रॅव्हल आणि ७५ किलोच्या वर स्वार असेल तर ३५-३६ ऐवजी ३८ मिमी स्टँचनचा (फोर्कच्या आत सरकणाऱ्या नळ्यांचा) फोर्क घ्या. अडीच-तीनशे ग्रॅम जास्त लागतील, पण ब्रेक मारताना फोर्कचे पाय वाकून आतले बुशिंग (नळी सरकते ती कडी) अडकणार नाहीत. मागे कॉइल शॉक (हवेऐवजी स्प्रिंगचा) लावायचा विचार असेल तर फ्रेम कंपनीची परवानगी पाहा. शॉकला लांब योक (फ्रेमशी जोडणारा दुवा) जोडलेल्या फ्रेमवर बाजूचा जोर पडून शाफ्ट वाकतो, प्रसंगी तुटतो.

अ‍ॅल्युमिनियमचे बोल्ट बॉटल केजला चालतील. रोटर, कॅलिपर (डिस्क ब्रेकचे भाग) आणि स्टेमला अजिबात नकोत.

पहिल्या दोन-तीन राइडनंतर स्पोकचा ताण उतरतो. तो पुन्हा मोजा आणि लिंकेजचे (मागच्या सस्पेन्शनच्या सांध्यांचे) बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कला तपासून घ्या.