तक्रार चुकीच्या ऑफिसात का जाते? गावापासून दिल्लीपर्यंत कोणाचं काम काय, या चुका टाळा

रस्त्यात खड्डा पडला की पहिला फोन सरपंचाला आणि त्यानंतरची पोस्ट थेट पंतप्रधानांना टॅग करून. मधले सगळे सुटतात, आणि काम बहुतेक वेळा नेमकं त्या मधल्यांपैकीच कोणाचं तरी असतं. मग दोन महिने वाट बघायची, "हा विषय आमच्या अखत्यारीत येत नाही" असं पत्र घ्यायचं आणि वर सगळं सरकारच असलं म्हणायचं. सरकारची चूक असतेच हो बऱ्याचदा, पण पत्ता चुकवून आपण त्यांना सुटायला आयती वाट देतो.

रस्ता गावातून जातो म्हणून तो गावाचा समजणं

ही सगळ्यात कॉमन चूक. रस्त्याकडेचा किलोमीटरचा दगड बघा आधी. वरचा पट्टा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग, केशरी असेल तर ग्रामीण रस्ता, बऱ्याचदा प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेतला. राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, म्हणजे राज्य सरकारकडे. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. गावठाणातल्या गल्ल्या तेवढ्या ग्रामपंचायतीच्या. आता यात गोची अशी की राष्ट्रीय महामार्गाचेही सगळे तुकडे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे नसतात, काही राज्याच्याच बांधकाम विभागाची राष्ट्रीय महामार्ग शाखा सांभाळते, त्यामुळे १०३३ या महामार्गाच्या हेल्पलाईनला फोन केल्यावर तुमचा तुकडा कोणाकडे आहे हे आधी विचारून घ्या.

ग्राम सडक योजनेच्या रस्त्यावर सुरुवातीलाच मोठा फलक असतो, त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. त्यावर ठेकेदाराचं नाव, काम पूर्ण झाल्याची तारीख आणि पाच वर्षांच्या देखभालीचा उल्लेख असतो. रस्ता तीन वर्षांत उखडला असेल तर तो ठेकेदारानेच दुरुस्त करून द्यायचा असतो, त्यासाठी ना आमदार निधी लागतो ना ग्रामसभेचा ठराव. फलकाचा फोटो काढा, तक्रारीला जोडा.

तलाठी आणि ग्रामसेवक एकच धरणं

दोघांची ऑफिसं शेजारी असतात, कधी एकाच इमारतीत, आणि आता तर पदनामंही बदललीत, तलाठ्याचं ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामसेवकाचं ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे गोंधळ कमी होण्याऐवजी वाढलाच. पण या दोन वेगळ्या लाईन आहेत. तलाठी, मंडळ अधिकारी, तहसीलदार, प्रांत (उपविभागीय अधिकारी), कलेक्टर ही महसूलची लाईन. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद ही पंचायत राजची, तिथे पंचायत समितीत बीडीओ (गटविकास अधिकारी) आणि वर जिल्हा परिषदेत सीईओ (मुख्य कार्यकारी अधिकारी). ग्रामसेवकाची तक्रार तहसीलदाराकडे नेली तर ते फार तर कागद पुढे ढकलतील.

याचा फटका बसतो तो कागदपत्रांत. बँकेने कर्जासाठी 'आठ अ' मागितला आणि माणूस ग्रामपंचायतीतून 'नमुना आठ' घेऊन आला, असं सर्रास होतं. आठ अ म्हणजे शेतजमिनीचा खातेउतारा, तो तलाठ्याकडचा. नमुना आठ म्हणजे घरपट्टीच्या आकारणीचा उतारा, तो ग्रामपंचायतीचा. सातबारा, फेरफार महसूलकडे, गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी ग्रामपंचायतीत. आणि बांधाचा वाद असून मोजणी हवी असेल तर या दोघांकडेही नाही, तालुक्याच्या भूमी अभिलेख ऑफिसात अर्ज करायचा.

पैसा केंद्राचा म्हणून तक्रारही दिल्लीला

पीएम किसानचे वर्षाला ६००० रुपये केंद्र देतं हे खरं. पण हप्ता अडकला तर आधी बघायचं ई-केवायसी झालंय का, बँक खातं आधारशी जोडलंय का आणि जमिनीची नोंद पोर्टलवर चढलीय का. ई-केवायसी तुम्ही स्वतः करू शकता, खात्याचं बँकेत होतं, आणि जमिनीची नोंद राज्याचीच यंत्रणा करते, त्यासाठी तालुक्यालाच जावं लागतं. रेशनचंही तेच, २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली धान्य केंद्राकडून येतं पण कार्डावर सुनेचं नाव चढवायचं तर तहसीलची पुरवठा शाखाच. दिल्लीच्या पोर्टलवर टाकलेली अशी तक्रार फिरून राज्याकडेच येते, मधले दिवस फुकट जातात.

मतदार यादीचा घोळ

ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, महापालिकेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, म्हणून यादीत नाव नसलं की लोक त्यांच्यावरच तुटून पडतात. पण ते नवीन यादी बनवतच नाहीत, विधानसभेची यादी एका ठरावीक तारखेची घेतात आणि प्रभागानुसार फोडतात. ती मूळ यादी भारत निवडणूक आयोगाची. चुकीच्या प्रभागात टाकलं असेल तर प्रारूप यादीवर हरकत घेता येते, पण मुळात नावच नसेल तर फॉर्म ६ आणि पत्ता बदलला असेल तर फॉर्म ८, तेही त्या तारखेच्या आधी. निवडणूक जाहीर झाल्यावर पळापळ करून काही होत नाही.

बाकी किरकोळ. पोलीस हा राज्याचा विषय, महापौरांकडे पोलिसांची तक्रार नेऊन उपयोग नाही. लाईट गेली तर महावितरण, १९१२, पण खांबावरचा दिवा बंद असेल तर आधी ग्रामपंचायत किंवा नगरपालिका. आणि खासदाराला वर्षाला ५ कोटींचा निधी असतो म्हणजे ते पैसे त्याच्या खात्यात येत नाहीत, तो कामं सुचवतो आणि करून घेतं जिल्हा प्रशासन, तेव्हा सुचवलेलं काम रखडलं तर चौकशी कलेक्टर ऑफिसला.

तरीही कळत नसेल कोणाचं आहे तर

माहिती अधिकार वापरा. २००५ च्या कायद्याचं कलम ६(३) असं सांगतं की अर्ज चुकीच्या ऑफिसात गेला तर त्यांनीच तो पाच दिवसांत योग्य ऑफिसकडे पाठवायचा आणि तुम्हाला कळवायचं. साध्या तक्रारीला हे संरक्षण नाही, ती टेबलावर पडून राहू शकते. १० रुपये फी, महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत. "खड्डे का पडले" असं विचारू नका, त्याला उत्तर येत नाही. "अमुक ते अमुक रस्ता कोणत्या विभागाच्या ताब्यात आहे, त्याची शेवटची दुरुस्ती कधी झाली आणि त्या कामाच्या आदेशाची प्रत" एवढंच मागा. अर्ज फिरवला गेला तर ३० च्या जागी ३५ दिवस धरून चला, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.