वाद कुठून पेटतो आणि समेट कसा घडवायचा

दोन गटांतल्या वादात मध्यस्थी करायला बसलं की बहुतेक जण आधी विचारतात, "चूक कोणाची?" या प्रश्नालाही जागा आहे, पण ती सुरुवातीला नाही. तो आधीच विचारला तर दोन्ही बाजू वकिलासारख्या बोलू लागतात आणि खरं कारण आणखी खोल जातं. आधी एवढंच शोधा: हा वाद आत्ताच का पेटला, आणि तो पेटता राहण्यात कोणाचा फायदा आहे?

निमित्त, कारण आणि इंधन

या तीन गोष्टी तीन वेगळ्या कागदांवर लिहा. निमित्त म्हणजे ठिणगी: एक शिवी, एक धक्का, मोडलेलं कुंपण. कारण म्हणजे वर्षानुवर्षं साठलेलं: जमीन, पाणी, नोकऱ्या, सत्तेतला वाटा, जुना अपमान. इंधन म्हणजे अफवा, हत्यारं आणि भांडण चालू आहे तोवरच ज्यांचं पुढारपण टिकतं अशी माणसं. रवांडात 6 एप्रिल 1994 रोजी राष्ट्राध्यक्षांचं विमान पाडलं गेलं आणि नरसंहार सुरू झाला. पण विमान हे निमित्त होतं. एक खासगी रेडिओ केंद्र 1993 पासूनच तिथल्या अल्पसंख्याक तुत्सी समाजाविरुद्ध विष पेरत होतं आणि हत्यारं आधीच वाटली गेली होती. नुसत्या निमित्तावर उपाय केला तर पुढची ठिणगी दुसरीकडून पडते.

कारणांमध्ये सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते भीतीकडे. एक वस्ती स्वतःच्या बचावासाठी रात्रीचा पहारा बसवते. पलीकडच्यांना ती हल्ल्याची तयारी वाटते, म्हणून तेही माणसं जमवतात, आणि ते पाहून पहिल्यांची भीती पक्की होते. यात कोणीच खोटं बोलत नसतं. म्हणून "एकमेकांवर विश्वास ठेवा" असं सांगून काही हाती लागत नाही. पहारा किती जणांचा, किती वाजेपर्यंत आणि कुठल्या रस्त्यापर्यंत, हे एकमेकांना कळवायला लावा आणि ते तपासायला त्रयस्थ माणूस नेमा.

वादाचा नकाशा

मोठा कागद घ्या. प्रत्येक पक्षासाठी एक वर्तुळ काढा. ज्याची ताकद जास्त त्याचं वर्तुळ मोठं. चांगले संबंध असतील तिथे सरळ रेघ, ताण असेल तिथे नागमोडी, संबंध तुटले असतील तिथे तुटक. पडद्याआडून पैसा किंवा हत्यारं पुरवणाऱ्यांनाही वर्तुळ द्या आणि स्वतःलाही नकाशात ठेवा, कारण तुम्ही कोणाच्या जवळचे आहात हे सगळ्यांना दिसतच असतं. मग हाच नकाशा दोन्ही बाजूंकडून वेगवेगळा काढून घ्या. दोन नकाशे जिथे जुळत नाहीत, तिथूनच काम सुरू होतं.

प्रत्येक वर्तुळाखाली तीन ओळी लिहा: ते काय मागतात, त्यांना ते कशासाठी हवं आहे, आणि कशाशिवाय ते राहूच शकत नाहीत. पहिली ओळ सगळे मोठ्याने सांगतात. उरलेल्या दोन बाहेर काढण्यासाठी स्वतंत्र भेटी लागतात. प्रत्येक बाजूशी निदान दोन भेटी घ्या, प्रत्येकी तास-दीड तासाच्या. "तुम्हाला हे का हवं आहे?" असं विचारलं की माणूस बचावाच्या पवित्र्यात जातो, त्याऐवजी "हे मिळालं नाही तर काय बिघडेल?" असं विचारा. ऐकलेलं तुमच्या शब्दांत परत सांगा आणि समोरचा "हो, हेच म्हणतोय मी" म्हणेपर्यंत पुढे जाऊ नका. आणि एका बाजूने विश्वासाने सांगितलेलं दुसरीकडे न्यायचं असेल तर आधी परवानगी घ्या. हा नियम एकदा मोडला की तुमची मध्यस्थी संपली.

मागणी आणि गरज यांतला फरक सिनाईच्या वादात स्वच्छ दिसतो. 1967 च्या युद्धात इस्रायलने इजिप्तचं हे द्वीपकल्प ताब्यात घेतलं. इजिप्तला ते सगळं परत हवं होतं, इस्रायलला काही भाग तरी ठेवायचा होता. सीमा कुठेही आखली तरी एक बाजू नाराजच राहणार होती. मागणीच्या खाली मात्र दोन वेगळ्या गरजा होत्या: इजिप्तला आपली भूमी आपल्या सार्वभौमत्वाखाली हवी होती, इस्रायलला सीमेला भिडलेले रणगाडे नको होते. सप्टेंबर 1978 मध्ये कॅम्प डेव्हिडला 13 दिवस बोलणी चालली. सुरुवातीच्या बैठकांत इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष सादात आणि इस्रायलचे पंतप्रधान बेगिन यांचे इतके खटके उडाले की त्यानंतर मध्यस्थ असलेले अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांनी दोघांना बहुतांशी वेगळं ठेवलं आणि एकच मसुदा घेऊन ते दोन्हीकडे जात राहिले. प्रत्येक वेळी विचारलं जायचं ते "मान्य आहे का?" असं नाही, तर "यात काय चुकतंय?" असं. मसुदा तेवीस वेळा लिहिला गेला. सिनाई पूर्ण परत, पण तिथल्या लष्करावर पट्ट्यापट्ट्यांनी मर्यादा, असा तोडगा निघाला. 1979 मध्ये तह झाला आणि 1982 मध्ये माघार पूर्ण झाली.

तुमच्या कामातही हीच पद्धत वापरा. दोन बाजूंचे दोन मसुदे समोर आले की लढाई सुरू होते. म्हणून मसुदा एकच ठेवा. तो तुम्हीच लिहा, फक्त हरकती गोळा करा आणि दुरुस्त करून परत न्या.

मारामारी थांबवणं आणि एकत्र बसवणं

हिंसा चालू असताना मूळ कारणांवर चर्चा होत नाही. आधी युद्धबंदी हवी, आणि तीत चार गोष्टी स्पष्ट लागतात: कोणत्या क्षणापासून, कोणत्या हद्दीत, लक्ष कोण ठेवणार, आणि काही घडलं तर पहिला फोन कोणाला. एका बाजूची हिंसा आणि दुसरीची दहशत असं चित्र असेल, तर मात्र दोघांना समोरासमोर बसवू नका. तिथे आधी संरक्षण आणि कायदा. दुबळ्याला तडजोडीला बसवणं म्हणजे त्याच्यावर दुसऱ्यांदा अन्याय करणं.

नुसतं एकत्र जेवायला किंवा खेळायला बोलावून मनं जुळतील, हा समज फार पसरलेला आहे. 1954 मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमात मानसशास्त्रज्ञ मुझफर शेरीफ आणि सहकाऱ्यांनी एका प्रयोगात अकरा वर्षांच्या आसपासच्या 22 मुलांचे दोन गट केले. बक्षिसांच्या स्पर्धा लावताच वैर आलं. मग एकत्र जेवायला बसवलं तर मुलांनी एकमेकांवर अन्न फेकलं. वैर उतरलं ते पाण्याचा पुरवठा बंद पडल्यावर आणि गाडी ओढायला सगळ्यांचे हात लागल्यावर, तेही एका कामात नव्हे, अनेक कामांनंतर. म्हणून एकट्या गटाला न जमणारं आणि दोघांच्याही गरजेचं काम शोधा, आणि ते पुन्हा पुन्हा करायला लावा.

कराराचा कागद

"दोन्ही बाजू पाणी सामंजस्याने वापरतील." हे वाक्य पहिल्याच उन्हाळ्यात मोडतं. त्याऐवजी असं लिहा: "सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी 6 ते 10 वरच्या वस्तीला पाणी; मंगळवार, गुरुवार, शनिवारी त्याच वेळेत खालच्या वस्तीला; रविवारी झडप बंद. चावी त्रयस्थाकडे. नोंदवहीत रोज दोघांच्या सह्या. टाकी निम्म्याखाली गेली तर 24 तासांत बैठक." कोण, काय, कधीपर्यंत, तपासणार कोण, आणि मोडलं तर काय: या पाचांपैकी एक जरी उत्तर सुटलं, तरी भांडण बरोबर तिथूनच परत येतं.

अंगोलात सरकार आणि बंडखोर यांच्यातल्या 1991 च्या करारानंतर दोन्ही फौजा पूर्ण विसर्जित न करताच सप्टेंबर 1992 ची निवडणूक घेतली गेली. हरणाऱ्याच्या हाती बंदुका होत्या आणि वाट्याला काहीच नव्हतं. युद्ध पुन्हा पेटलं. हरणाऱ्यालाही करारात जागा ठेवा, आणि हत्यारांचा प्रश्न मतपेटीच्या आधी सोडवा.

पहिला भंग होणारच असं धरून चाला. उत्तर आयर्लंडचा करार 10 एप्रिल 1998 चा. त्याच वर्षी 15 ऑगस्टला आयआरए या ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र संघटनेतल्या फुटीर गटाने ओमा शहरात बॉम्बस्फोट केला आणि 29 जण मारले गेले. करार टिकला, कारण दोन्हीकडच्या नेत्यांनी त्या स्फोटाचा उघड निषेध केला. तरीही आयआरएची शस्त्रं पूर्ण निकामी व्हायला 2005 उजाडलं. तेव्हा भंग झाला तर पहिल्या काही तासांत कोण काय बोलणार, हे आधीच ठरवून ठेवा. दोन्ही बाजूंचं संयुक्त निवेदन तयारच असेल तर अफवेला जागा उरत नाही.

आता "चूक कोणाची?" हा प्रश्न घ्या, पण घाई न करता. वर्णभेदाच्या काळातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या सत्य आयोगाने 1996 पासून जाहीर सुनावण्या घेतल्या. माफी हवी असेल तर राजकीय हेतूने केलेल्या गुन्ह्याची पूर्ण हकिगत सांगणं बंधनकारक होतं, आणि बहुतेक अर्ज फेटाळले गेले. छोट्या वादातही आधी काय घडलं त्याची नोंद करा: तारीख, ठिकाण, नुकसान, ज्याचं झालं त्याचे स्वतःचे शब्द. दोन्ही बाजूंना मान्य असलेला मजकूर एका रकान्यात लिहा, मतभेद असलेला शेजारच्या रकान्यात. दुसरा रकाना रिकामा करायचा आग्रह धरू नका. तीन महिन्यांनी तोच कागद घेऊन पुन्हा बसा आणि त्यातलं काय पहिल्या रकान्यात आणता येतं ते पाहा.