बदकं अंड्यावर आली की या चुका टाळा

अंडी कमी झाली, कवच पातळ यायला लागलं की बहुतेक जण पहिले दुकानात जातात, कॅल्शियमची बाटली आणतात, टॉनिक आणतात, आणि आठवडाभर पाजूनही फरक पडला नाही की वैतागतात. माझं म्हणणं एवढंच आहे की औषधाच्या आधी दोन गोष्टी बघा, खाद्याचं पोतं आणि पाण्याचं भांडं. घरच्या बदकांचे बरेच त्रास तिथूनच सुरू होतात, कारण आपण बदकाला कोंबडी समजून सांभाळतो.

पहिले ढेप. आपल्या खान्देशात घरोघरी म्हशीसाठी सरकी ढेप असते आणि तीच मूठ-दोन मूठ बदकांपुढे टाकली जाते. हे बंद करा. सरकीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं, म्हशीला ते बऱ्यापैकी पचतं पण पक्ष्याला नाही. सरकी खाल्लेल्या बदकाची अंडी थोडे दिवस ठेवली की आतला पिवळा बलक हिरवट पडतो, सरकीतल्या तेलामुळे पांढरं गुलाबीसर होतं, आणि गिऱ्हाईक म्हणतं अंडं खराब दिलं.

दुसरी शेंगदाण्याची ढेप. ती चांगली असेल तर प्रोटीनला भारीच, पण पावसाळ्यात ओल लागलेली, बुरशी आलेली ढेप किंवा मका बदकाला चालतच नाही. त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन तयार होतं आणि पाळीव पक्ष्यांमध्ये बदक त्याला फार लवकर बळी पडतं, लिव्हर जातं, खाणं सुटतं, मरतुक लागते. काही जण म्हणतात उन्हात वाळवून घेतो, पण वाळवल्याने बुरशी दिसेनाशी होते, विष तसंच राहतं. वास कुबट आला की ते पोतं उकिरड्यावर, कितीही महागाचं असलं तरी, आणि ते कोंबड्यांना पण नका टाकू.

मग द्यायचं काय? अंड्यावरच्या बदकाला 16 ते 18 टक्के प्रोटीनचं खाद्य लागतं, म्हणून बाजारातलं लेयर मॅश, म्हणजे अंड्यावरच्या पक्ष्यांसाठीचं तयार भरडलेलं खाद्य, हा पाया धरा. त्यात मक्याचा किंवा ज्वारीचा भरडा थोडा मिसळला तर चालतो, सोबत अझोला (पाण्यावर तरंगणारी बारीक हिरवी वनस्पती), मेथी-पालकाची उरलेली पानं. नुसत्या भाकरीच्या तुकड्यांवर आणि शिळ्या भातावर बदक जगतं पण अंडी देत नाही, आणि मीठ-तिखटाचं उष्टं तर अजिबात नको. शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, खाद्यात कालवू नका, ज्या मादीला लागेल ती स्वतः येऊन खाते, नराला तेवढ्या कॅल्शियमची गरज नसते.

कोरडं मॅश देऊन पाणी लांब ठेवणं ही पण नेहमीची चूक. बदक घास घेतं आणि लगेच पाण्यावर जातं, पाणी नसलं तर घास घशात अडकतो. म्हणून मॅश हलकं ओलं करून द्या, पण एका वेळी संपेल एवढंच, कारण आपल्या मे महिन्यात ओलं खाद्य दुपारपर्यंत आंबतं.

पाण्याचं भांडं कोंबडीचं उथळ नको. चोच, नाकपुड्या आणि डोळे बुडतील एवढं, म्हणजे 5-6 इंच खोल पाहिजे, नाहीतर नाकात खाद्य बसतं आणि डोळे चिकटायला लागतात. तळं नसलं तरी चालेल, एक मोठं घमेलं किंवा टब पुरतो, फक्त पाणी रोज बदला. आणि उन्हाळ्यात आटत आलेल्या डबक्यात मेलेले मासे, अळ्या असतात तिथे बदकं सोडू नका, त्यातून बोटुलिझम नावाची विषबाधा होते, मान लुळी पडते आणि पक्षी जातो.

जळगाव-भुसावळकडे पारा 45 ला टेकतो तेव्हा अंडी कमी होणारच, त्यात घाबरायचं नाही. बदक धापा टाकतं, खाणं कमी करतं, आणि धापा टाकल्याने कवच बनायला लागणारा घटक रक्तातच कमी पडतो, म्हणून कितीही कॅल्शियम दिलं तरी कवच पातळच येतं. तेव्हा इलाज सावलीचा. केळीच्या नाहीतर निंबाच्या सावलीत ठेवा, दुपारी ताजं पाणी भरा, खाणं पहाटे आणि ऊन उतरल्यावर द्या.

सकाळी उठल्याबरोबर दार उघडू नका. बदकं जास्त करून पहाटे ते 9 च्या आत अंडी घालतात, लवकर सोडली तर अंडी बांधावर, नाल्यात, आणि मुंगसाचं फावतं. खुराड्यात कोरडा भुसा टाका, ओला झाला की लगेच काढा. थंडीत दिवस लहान झाला की अंडी घटतात, उजेड आणि बल्ब मिळून 14 ते 16 तास भरले की परत सुरू होतात. 5-6 माद्यांमागे एक नर पुरे, जास्त झाले की माद्यांच्या मानेची पिसं जातात.

मादी सारखी बसून जोर करतेय आणि अंडं येत नाही, तर पोट दाबू नका, अंडं आत फुटलं तर ती वाचणं कठीण. कोमट पाण्यात 20-30 मिनिटं बसवा, शांत जागी ठेवा, तरी नाही झालं तर लगेच जनावरांच्या डॉक्टरकडे न्या.

आता नवीन पक्षी आणण्याचं. 2006 साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला आणि तिथे लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, 2021 ला परत तोच प्रसंग आला. बदक तर वरून ठणठणीत दिसून व्हायरस बाळगू शकतं. म्हणून बाजारातून आणलेलं बदक तीन-चार आठवडे वेगळं ठेवा, हतनूरसारख्या धरणावर थंडीत बाहेरचे पाहुणे पक्षी उतरतात तिथे आपली बदकं चरायला सोडू नका, आणि एकदम दोन-चार पक्षी मेले तर गाडून मोकळे न होता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.