मराठवाडा मुक्तिसंग्रामावर एकांकिका करायलात? मग झेंडावंदन मधेच उरकून घ्या

सप्टेंबर आला की आपल्याकडं तीच एकांकिका. रझाकार, म्हणजे हैदराबादच्या निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद संघटनेचा माणूस, सुरमा घालून हा हा हा हसतो, गावातलं एक पोरगं छाती पुढं काढून डायलॉग मारतं, मग सरदार पटेलांचा फोटो, तिरंगा, पडदा. टाळ्या पडतात, नाही असं नाही, पण बघणाऱ्याला नवीन काय कळलं?

आधी तारखा भिंतीवर चिकटवा. २९ नोव्हेंबर १९४७ ला भारत आणि निजामात जैसे थे करार, १३ सप्टेंबर १९४८ ला भारताच्या फौजा आत, सोलापूरकडून आलेल्यांनी पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतलं, १७ ला निजामाची शरणागती. आता १८ तारखेखाली कोरा कागद लावा, खरं नाटक तिथं आहे.

मग म्हाताऱ्या माणसांना गाठा. त्या वेळी दहा वर्षांचं असलेलं माणूस आज नव्वदीकडं आलंय, त्यामुळं दिवाळीनंतर बघू म्हणू नका. "रझाकार कसे होते" असं विचारलं की शाळेतलं भाषण ऐकायला मिळतं, त्यापेक्षा त्या रात्री कुठं लपलात, भाकरी कोणी आणून दिली, हाली शिक्के, म्हणजे निजामाची नाणी, कुठं पुरली, घराला कुलूप लावलं का, असलं विचारा. मुसलमान मोहल्ल्यातबी जा, पण सगळी टीम घेऊन नाही, एकदोघंच. तिथली गोष्ट बऱ्याचदा पोलीस ॲक्शन, म्हणजे हीच फौजांची कारवाई, झाल्यावर सुरू होते. नेहरूंनी पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं मेलेल्यांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला होता आणि सगळ्यात वाईट हाल झालेल्या जिल्ह्यांत आपले उस्मानाबाद, नांदेड होते. तो अहवाल कितीतरी वर्षं दाबून ठेवलेला. ह्याचा अर्थ रझाकारांचे अत्याचार खोटे असा बिलकुल नाही, दोन्ही खरंय, आणि दोन्ही एकाच स्टेजवर उभं करायची हिंमत लागते बघा.

पात्रं लिहिताना रझाकारांचा पुढारी कासीम रझवी ह्याला जोकर करू नका, तो लातूरचा वकील होता, भाषणानं माणसं पेटवायचा, ते जास्त भयानक आहे. आणि शोएबुल्लाखान ह्यांना आणाच, 'इमरोज'चे संपादक, भारतात सामील व्हा असं लिहिलं म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी त्यांना मारलं. ते आले की रझाकार म्हणजे अख्खा मुसलमान समाज हे समीकरण आपोआप मोडतं.

नेपथ्य एवढंच, एक दार. पहिल्या भागात रझाकार ते ठोठावतात, दुसऱ्या भागात तेच दार दुसऱ्या घराचं आणि ठोठावणारी पोरं तीच, कपडेबी बदलू नका. घोडे, बंदुका, धूर सगळं काट मारा, बजेट वाचतं. उर्दू डायलॉग पिक्चरमधल्या व्हिलनचे नकोत, आपल्याकडची दखनी बोलणारा पोरगा शोधा, मिळतो. झेंडावंदन मधे घ्या आणि राष्ट्रगीत वाजवू नका, लोकं उभी राहतात, त्यांना वाटतं संपलं, चपला शोधायला लागतात.

संहिता परिनिरीक्षण मंडळाकडं, म्हणजे नाटकं तपासून परवानगी देणाऱ्या सरकारी मंडळाकडं, लवकर पाठवा, शेवटच्या आठवड्यात पळापळ नको. गावाचं, घराण्याचं नाव बदला. रंगीत तालमीला ज्यांनी गोष्टी सांगितल्या त्यांना रिक्षा करून आणा, पुढच्या रांगेत बसवा, आणि त्यातलं कोणी म्हणालं की एवढं काढा बाबा, तर काढायचं, दिग्दर्शक कितीबी चिडू द्या.