टीव्हीला कॉम्प्युटर जोडताय? या चुका टाळा

‘जुना पीसी पडलाच आहे, एक केबल लावली की झालं’ असं कुणी म्हणालं, की रविवारी मला फोन येणार हे ठरलेलं.

सगळ्यात डोकं खाणारी चूक म्हणजे नावावर भुलणं. मावसभावाने कुठल्याशा ऑफिसातून निघालेला इंटेलच्या चौथ्या पिढीच्या आय-फाइव्ह प्रोसेसरचा पीसी स्वस्तात उचलला. ‘आय-फाइव्ह आहे, पळेल!’ फोर-के सिनेमा लावला की चित्र अडखळायचं, आवाज पुढे निघून जायचा. पठ्ठ्याने इंटरनेटचा प्लॅन वाढवला, मग राउटर बदलला. आणि सिनेमा होता त्याच्याच हार्ड डिस्कवर! टास्क मॅनेजर उघडला तर प्रोसेसर 100 टक्क्यांवर. फोर-के फाइल बहुतेक वेळा 10-बिट एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून साठवायची एक पद्धत) असते, आणि ती पूर्णपणे ग्राफिक्स चिपवर चालवायची सोय इंटेलने सातव्या पिढीपासून दिली. त्याआधीच्या मशीनमध्ये बराचसा भार प्रोसेसरवर. एव्ही-वन ही त्याहून नवी पद्धत हवी तर अकरावी पिढी बघा. मी पिढी कळल्याशिवाय किंमतसुद्धा विचारत नाही.

दुसरी, महागडी केबल. फोर-के दिसतं, पण माउस रखडत सरकतो? मशीनचा एचडीएमआय पोर्ट जुना, 1.4 आवृत्तीचा असेल, तर फोर-के 30 हर्ट्झवरच, म्हणजे सेकंदाला 30 चित्रांवरच अडतं. सोन्याचा मुलामा दिलेल्या केबलने ते 60 होत नाही. मागे डिस्प्लेपोर्ट नावाचा वेगळा पोर्ट असेल तर एचडीएमआय 2.0 चा ॲक्टिव्ह कन्व्हर्टर लावा. शिवाय टीव्हीतही त्या एचडीएमआय पोर्टची सेटिंग चालू करावी लागते: एलजीत ‘अल्ट्रा एचडी डीप कलर’, सॅमसंगमध्ये ‘इनपुट सिग्नल प्लस’. मेनू उघडायचा कंटाळा असेल तर मला फोनही करू नका.

स्क्रीनच्या कडा कापल्या जातात? चित्र मोठं करून कडा कापणारी ही सेटिंग, ओव्हरस्कॅन, टीव्हीतच बंद करा. विंडोजमध्ये चित्र आक्रसू नका.

सिनेमा सेकंदाला 24 फ्रेम्सचा, स्क्रीन 60 हर्ट्झची. कॅमेरा आडवा फिरला की झटके दिसणारच. कोडी या सिनेमे चालवायच्या ॲपमध्ये स्क्रीनचा रिफ्रेश रेट सिनेमाशी जुळवायची सेटिंग मुळात बंद असते. मी इन्स्टॉल केल्या केल्या ती चालू करतो.

वाय-फाय नको, लॅन केबल ओढा. सुताराने केलेल्या बंद कपाटात मशीन कोंबू नका.

क्रोममध्ये नेटफ्लिक्स सहसा फोर-के दिसत नाही, त्यासाठी सरळ टीव्हीला लावायची स्ट्रीमिंग स्टिक घ्या. आणि टीव्हीच्या रिमोटने पीसी चालेल ही आशा सोडा. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरला सीईसी (एचडीएमआय केबलमधून रिमोटचे आदेश पोचवायची सोय) असतं, साध्या पीसीला सहसा नसतं. टचपॅडवाला छोटा वायरलेस कीबोर्ड घ्या, सोफ्यावर ठेवा.